साऊथ कॅरोलायना सगळ्यात आधी का फुटलं, आणि 'स्टेट्स राइट्स'चं खरं काय

तुमचा प्रश्न असा होता की जॉबसाठी ग्रीनव्हिलला चाललाय, साऊथ कॅरोलायनाबद्दल फारसं काही माहीत नाही, आणि नव्या टीममधला एकजण कॉलवर म्हणाला की सिव्हिल वॉर, म्हणजे १८६१ ते ६५ चं उत्तर विरुद्ध दक्षिण हे अमेरिकेतलं यादवी युद्ध, गुलामगिरीवरून झालंच नाही, ते राज्यांच्या हक्कांवरून झालं, तर यात खरं किती. मी याच राज्यात मिडल स्कूलला सोशल स्टडीज शिकवते, इथे आठवीला वर्षभर साऊथ कॅरोलायनाचाच इतिहास असतो आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो, मुलं घरून ऐकूनच आलेली असतात. म्हणून जरा लांबच लिहिते.

उत्तर आधी देऊन टाकते. गुलामगिरीवरूनच झालं. आणि हे माझं मत म्हणून नका घेऊ, जे फुटून निघाले त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. २० डिसेंबर १८६० ला चार्ल्सटनमध्ये अधिवेशन भरलं, १६९ विरुद्ध शून्य मतांनी अमेरिकेतून बाहेर पडायचा ठराव झाला आणि चार दिवसांनी, २४ तारखेला, आपण का बाहेर पडतोय याचा जाहीरनामा मंजूर झाला. तो नेटवर सहज मिळतो, छोटा आहे, वाचाच. त्यात तक्रार काय आहे, तर उत्तरेकडची राज्यं आमचे पळून गेलेले गुलाम परत देत नाहीत, तसे कायदे त्यांनी केलेत, राज्यांची नावं घेऊन यादी दिलीये, आणि न्यूयॉर्कची कोर्टं तर आम्हाला गुलाम बरोबर घेऊन तिथून जाऊही देत नाहीत. आता बघा, न्यूयॉर्कने आपल्या हद्दीत गुलामगिरी चालू द्यायची नाही असं ठरवलं, हा न्यूयॉर्कचा राज्य म्हणून हक्कच झाला ना? मग साऊथ कॅरोलायनाचा राग इतर राज्यांनी आपला हक्क वापरला याचाच होता. टॅरिफचा, म्हणजे आयातीवरच्या कराचा मुद्दाही लोक काढतात, १८३२ मध्ये टॅरिफवरून मोठं भांडण झालं होतं हे खरंय, जॉन कॅल्हूनच्या डोक्यातून निघालेली कल्पना की केंद्राचा कायदा राज्य रद्द ठरवू शकतं, प्रेसिडेंट जॅक्सनने सैन्याची धमकी दिली मग तडजोड झाली, पण १८६० च्या या जाहीरनाम्यात टॅरिफचं नावसुद्धा नाही.

पण हेच राज्य सगळ्यात आधी का? याचं उत्तर १८६० च्या जनगणनेत आहे. एकूण लोकसंख्या ७,०३,७०८ आणि त्यातले ४,०२,४०६ गुलाम. शंभरातले सत्तावन्न. अर्ध्याहून जास्त माणसं जिथे दुसऱ्याच्या मालकीची आहेत अशा ठिकाणी मालकांना दोनच गोष्टी दिसत असतात, एक त्यांच्यावर चाललेला पैसा आणि दुसरी त्यांची भीती. या राज्याचा जवळपास प्रत्येक मोठा कायदा या दोन गोष्टींतून आलाय, आणि मी शिक्षिका असल्यामुळे असेल पण मला ते सगळ्यात स्पष्ट शाळेच्या बाबतीत दिसतं, कोणाला लिहाय-वाचायला शिकू द्यायचं आणि कोणाला नाही. हा धागा लक्षात ठेवा, पुढे सारखा येणार आहे.

सुरुवात १६७० ला. इंग्लंडच्या राजाने आठ सरदारांना हा मुलूख देऊन टाकला होता, आणि इथे येऊन वसणाऱ्यांत बरेचसे बार्बाडोस बेटावरून आले, जिथे उसाच्या मळ्यांवर गुलामांची पद्धत पक्की बसलेली होती. व्हर्जिनियात गुलामगिरी हळूहळू वाढली, इथे ती पहिल्या जहाजांबरोबरच आली. १६९६ चा गुलामांचा कायदा बार्बाडोसच्याच कायद्यावरून घेतलेला. आणि मग सापडला भात. कॅरोलायना गोल्ड म्हणून जो तांदूळ पुढे युरोपभर गेला तो इथल्या दलदलीत पिकायचा, आणि ते काम येत कोणाला होतं, तर पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल, गांबिया, सिएरा लिओनकडच्या लोकांना, जे पिढ्यानपिढ्या भातच करत आलेले. मळेवाले त्या भागातून आणलेल्या माणसांना मुद्दाम जास्त किंमत मोजायचे. भाताची शेती नेमकी कोणाच्या ज्ञानावर उभी राहिली यावर इतिहासकारांत वाद आहेत, पण उखळ-मुसळात कांडणं आणि गवताच्या विणलेल्या सुपांनी पाखडणं हे तिकडूनच आलं यात वाद नाही, ती विणकाम करणारी माणसं आजही चार्ल्सटनच्या बाजारात बसतात.

गोव्या-कोकणातल्या कोणी खाजण शेती आणि पाण्याचं दार असलेली मानस बघितली असेल तर त्यांना इथली भरतीवर चालणारी भातशेती पटकन कळेल. फरक असा की गोव्यात खारं पाणी बाहेर ठेवायचं असतं, इथे समुद्राची भरती नदीचं गोडं पाणी मागे ढकलते आणि तेच लाकडी दारातून शेतात घ्यायचं असतं, ओहोटीला सोडायचं. यासाठी सायप्रसचं जंगल तोडून, दलदलीत गुडघाभर चिखलात उभं राहून मैलोन् मैल बांध घातले ते सगळे गुलामांनी, फावड्यांनी. मलेरियामुळे उन्हाळ्यात गोरे मालक चार्ल्सटनला किंवा डोंगराकडे निघून जायचे आणि मळ्यावर उरायचे मुकादम आणि गुलाम. कामाची पद्धत 'टास्क'ची, म्हणजे साधारण पाव एकराचं काम नेमून द्यायचं, ते संपलं की उरलेला वेळ तुझा. या दोन गोष्टींमुळे किनाऱ्यावरच्या बेटांवर आफ्रिकन भाषा, गोष्टी, स्वयंपाक जितका टिकला तितका अमेरिकेत दुसरीकडे कुठे क्वचितच टिकला, तीच गल्ला संस्कृती, आणि गल्ला ही आजही बोलली जाणारी भाषा आहे. अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकन लोकांपैकी सुमारे चाळीस टक्के चार्ल्सटनमार्गे आले असा अंदाज सांगितला जातो.

आता भीतीकडे. रविवार, ९ सप्टेंबर १७३९. चार्ल्सटनजवळ स्टोनो नदीपाशी जेमी नावाच्या माणसाच्या पुढाकाराने वीसएक गुलामांनी दुकान फोडून बंदुका घेतल्या आणि दक्षिणेला स्पॅनिश फ्लोरिडाच्या दिशेने चालायला लागले, कारण तिथे पोचलं की स्वातंत्र्य मिळतं असं स्पेनने जाहीर केलेलं. वाटेत माणसं जोडली गेली, वीसेक गोरे मारले गेले, संध्याकाळपर्यंत मिलिशियाने त्यांना गाठलं आणि बहुतेकांना ठार केलं. पुढच्या वर्षी आला १७४० चा निग्रो अ‍ॅक्ट. गुलामाने जमायचं नाही, स्वतःसाठी कमवायचं नाही, स्वतःचं धान्य पिकवायचं नाही, आणि गुलामाला लिहायला शिकवलं तर शिकवणाऱ्याला शंभर पौंड दंड. लिहिता आलं की माणूस स्वतःचा परवाना स्वतःच लिहून रस्त्याने निघून जाईल हे त्यांना कळत होतं. वाचायला शिकवण्यावरची बंदी १८३४ ला आली.

मधे १८२२ आहे. डेन्मार्क वेझी, लॉटरीत पंधराशे डॉलर जिंकून त्यातले सहाशे देऊन स्वतःला विकत घेतलेला सुतार, त्याने मोठ्या उठावाची तयारी केली असा आरोप झाला, बातमी फुटली, पस्तीस जणांना फाशी दिलं आणि ज्या आफ्रिकन चर्चचा तो सभासद होता ते पाडून टाकलं. त्याच वर्षी कायदा केला की बंदरात आलेल्या कुठल्याही जहाजावरच्या स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाला जहाज निघेपर्यंत तुरुंगात ठेवायचं, मग तो ब्रिटिश असो की बॉस्टनचा. फेडरल जज विल्यम जॉन्सन, जो स्वतः चार्ल्सटनचाच, त्याने सांगितलं की हे घटनेविरुद्ध आहे, राज्याने सरळ दुर्लक्ष केलं. तुमच्या कलीगला 'स्टेट्स राइट्स'चा खरा इतिहास बघायचा असेल तर तो टॅरिफच्या दहा वर्षं आधी इथे सुरू होतो.

युद्धाबद्दल थोडक्यातच, कारण त्यावर पुस्तकांचे ढीग आहेत. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे चार्ल्सटनच्या बंदरात केंद्राच्या ताब्यातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या, दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस बाहेर जाईना, लँकशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या आणि त्यांनी मागणी वळवली मुंबईकडे. खानदेश-वऱ्हाडचा कापूस, मुंबईतला तो प्रचंड पैसा, प्रेमचंद रायचंद, बॅक बेचे शेअर्स, आणि १८६५ ला युद्ध संपलं तसा उडालेला बोजवारा, हे सगळं आपण शाळेत वेगळ्या धड्यात शिकतो पण त्याचं दुसरं टोक इथे आहे.

मला खरं तर सांगायचंय ते ७ नोव्हेंबर १८६१ पासून पुढचं. त्या दिवशी उत्तरेच्या नौदलाने पोर्ट रॉयल जिंकलं, ब्यूफर्टच्या आसपासच्या बेटांवरचे मळेवाले जेवणाची ताटंही न आवरता पळाले आणि मागे राहिले सुमारे दहा हजार गुलाम, जे कागदावर अजून स्वतंत्र नव्हते पण मालक तर गेलेला. युद्ध चालू असतानाच तिथे मजुरी देऊन शेती सुरू झाली, आणि १८६२ मध्ये सेंट हेलेना बेटावर पेन स्कूल. लॉरा टाउन नावाची बाई उत्तरेतून येऊन ती शाळा काढते आणि आयुष्यभर तिथेच राहते. शिकायला कोण येतं, तर लहान मुलं आणि त्यांच्या आज्याही, एकाच वेळी. ज्या राज्यात वाचायला शिकवणं गुन्हा होता तिथे.

आणि रॉबर्ट स्मॉल्स. हे नाव माहीत नसेल तर आता करून घ्या. ब्यूफर्टला गुलाम म्हणून जन्म, चार्ल्सटनमध्ये 'प्लांटर' नावाच्या कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या स्टीमरवर काम. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेत हे बघून या तेवीस वर्षांच्या माणसाने जहाज सुरू केलं, घाटावर थांबून बायकामुलांना घेतलं, कॅप्टनची गवताची हॅट घातली, फोर्ट सम्टरच्या तोफांसमोरून जाताना बरोबर ती खुणेची शिट्टी वाजवली आणि पुढे पांढरी चादर चढवून जहाज उत्तरेच्या नौदलाच्या हवाली केलं. नंतर ते पायलट म्हणून लढले, ज्या घराच्या आवारात जन्मले ते जुन्या मालकाचं घर त्यांनी विकत घेतलं, मोठेपणी वाचायला-लिहायला शिकले, आणि पुढे पाच वेळा अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले.

युद्धानंतर लगेच जुन्याच लोकांनी १८६५ मध्ये 'ब्लॅक कोड्स' म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कायदे केले, त्यात मजूर म्हणजे नोकर आणि काम देणारा म्हणजे मास्टर हे शब्द तसेच, आणि शेतकरी किंवा नोकर सोडून दुसरं काहीही काम करायचं तर कृष्णवर्णीय माणसाने वर्षाला दहा ते शंभर डॉलरचं लायसन घ्यायचं. उत्तरेचा सेनापती शर्मन, त्याने किनाऱ्यावरची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी वाटायचा हुकूम जानेवारीत काढला होता तो प्रेसिडेंट अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी फिरवला, जमिनी बहुतेक मालकांकडे परत. काँग्रेसने मग हस्तक्षेप केला आणि १८६८ ला चार्ल्सटनमध्ये नवी राज्यघटना लिहायला लोक बसले, त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय, त्यात कितीतरी तीन-चार वर्षांपूर्वी गुलाम असलेले. स्मॉल्सही होते. या लोकांनी काय लिहिलं? प्रॉपर्टी नसली तरी मत. लग्न झालेल्या बाईच्या नावावर तिची मालमत्ता. आणि सरकारी शाळा, सगळ्यांना खुल्या, राज्याच्या खर्चाने. गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही राज्यभर चालणारी शाळा मिळाली ती या घटनेमुळे, हे मी वर्गात दोनदा सांगते, कारण 'त्या काळात नुसता भ्रष्टाचार होता' एवढंच इथल्या कित्येक पिढ्यांना शिकवलं गेलं. भ्रष्टाचार होता, गोऱ्यांनीही केला आणि काळ्यांनीही, पण शाळाही त्याच सरकारने दिल्या.

संपूर्ण अमेरिकेत फक्त याच राज्याच्या खालच्या सभागृहात कृष्णवर्णीयांचं बहुमत होतं. डिसेंबर १८७० ला इथून जोसेफ रेनी गेले, अमेरिकन काँग्रेसच्या खालच्या सभागृहातले, म्हणजे हाऊसमधले, पहिले कृष्णवर्णीय सदस्य. १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट हेन्री हेन यांनी राजधानी कोलंबियातल्या राज्याच्या युनिव्हर्सिटीत मेडिकलला नाव घातलं, पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी, आणि त्यावरून बरेच प्राध्यापक सोडून गेले. १८७३ हे वर्ष आपल्यालाही ओळखीचं आहे, त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. फुल्यांनी जी आशा तिकडे बघून धरली होती तिचं सगळ्यात मूर्त रूप त्या क्षणी या राज्यात उभं होतं.

तीनच वर्षं टिकलं ते. जुलै १८७६ मध्ये हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीय मिलिशियाच्या माणसांना पकडून गोळ्या घातल्या, त्या सालच्या निवडणुकीत रेड शर्ट्स म्हणून बंदूकधारी गोरे घोड्यावरून सभा उधळत फिरले, निकालावरून दोन-दोन सरकारं बसली आणि एप्रिल १८७७ ला फेडरल सैनिक स्टेट हाऊसमधून, म्हणजे राज्याच्या विधानभवनातून, काढून घेतल्यावर वेड हॅम्प्टन गव्हर्नर झाला. युनिव्हर्सिटी बंद केली आणि पुन्हा उघडली ती फक्त गोऱ्यांसाठी. १८८२ मध्ये आठ पेट्यांचा कायदा, प्रत्येक पदासाठी वेगळी मतपेटी, लेबल वाचता आलं नाही तर मत चुकीच्या पेटीत आणि बाद. मग १८९५ ला बेन टिलमनच्या पुढाकाराने नवी घटनाच लिहिली. मत द्यायचं तर घटनेतला उतारा वाचून दाखवा किंवा ऐकून समजावून सांगा, नाहीतर तीनशे डॉलरची प्रॉपर्टी दाखवा, वर पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर भरायचा कर, आणि तुम्हाला समजलं की नाही हे ठरवणार गोरा अधिकारी. आधी पिढ्यानपिढ्या लिहाय-वाचायला शिकू दिलं नाही आणि मग वाचता येत नाही म्हणून मत काढून घेतलं. त्या अधिवेशनात सहाच कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते, त्यात म्हातारे होत चाललेले स्मॉल्स. त्यांनी उभं राहून सांगितलं की माझ्या लोकांना वेगळ्या बचावाची गरज नाही, फक्त समान संधी द्या, आणि शेवटी त्या घटनेवर सही करायला नकार दिला. दुरुस्त्या होत होत तीच १८९५ ची घटना आजही राज्याची घटना आहे. टिलमनने नंतर सिनेटमध्ये उघड सांगितलं की आम्ही पेट्या भरल्या, आम्ही त्यांना गोळ्या घातल्या, आम्हाला लाज वाटत नाही. त्याचा पुतळा स्टेट हाऊसच्या आवारात १९४० पासून आहे. स्मॉल्स यांचा पुतळा तिथेच उभारायला विधिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली.

यानंतर लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडे निघून गेले, १९२० च्या दशकात इथलं त्यांचं बहुमत संपलं. ते दोनशे वर्षांत बहुतेक काळ होतं.

आणि पुन्हा शाळाच. १९४७ च्या सुमारास क्लॅरेंडन काउंटीतल्या पालकांनी फक्त एक बस मागितली, गोऱ्या मुलांना बस होत्या, यांची मुलं कित्येक मैल चालत जायची. नाही म्हटलं. रेव्हरंड जोसेफ डिलेन यांनी लोकांना एकत्र केलं, हॅरी आणि इलायझा ब्रिग्ज यांचं नाव केसला पहिलं लागलं आणि दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. थर्गुड मार्शल वकील. तीन जजपैकी दोघांनी विरुद्ध निकाल दिला, तिसरे चार्ल्सटनच्या जुन्या घराण्यातले वेटीज वेअरिंग, त्यांनी १९५१ च्या आपल्या वेगळ्या मतात लिहिलं की वेगळं ठेवणं हीच असमानता आहे. तीच केस पुढे सुप्रीम कोर्टात ब्राउनच्या खटल्यात मिळाली आणि शाळांत वर्णावरून वेगळं बसवणं घटनेविरुद्ध आहे असा १९५४ चा निकाल आला. लोक ब्राउन म्हणजे कॅन्सस एवढंच सांगतात, पण त्या पाच केसेसमधली ही सगळ्यात आधीची दाखल झालेली. डिलेन यांचं चर्च जाळलं, त्यांना राज्य सोडावं लागलं, वेअरिंग न्यूयॉर्कला गेले. आणि राज्याने काय केलं, तर १९५२ मध्येच मतदान घेऊन सरकारी शाळा चालवायची जबाबदारीच घटनेतून काढायला मंजुरी मिळवली, म्हणजे वेळ आली तर सगळ्या शाळा बंद करता येतील. १८६८ ला लिहिलेली गोष्ट पुसायला तयार झाले, पण एकत्र बसवायला नाही. मोठ्या प्रमाणावर शाळा एकत्र झाल्या त्या १९७० ला.

कॉन्फेडरेट झेंड्याबद्दलही तुम्हाला ऑफिसात कोणीतरी 'आमचा वारसा' म्हणून सांगेलच. स्टेट हाऊसच्या घुमटावर तो काही १८६५ पासून चालत आलेला नव्हता. युद्धाच्या शंभरीच्या निमित्ताने चढवला आणि १९६२ ला ठराव करून ठेवला, म्हणजे ऐन सिव्हिल राइट्सच्या चळवळीत. १९६८ च्या फेब्रुवारीत ऑरेंजबर्गला बोलिंग ॲलीतल्या भेदभावाविरुद्ध जमलेल्या विद्यार्थ्यांवर हायवे पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तीन मुलं गेली, तेव्हा तो घुमटावर होता. २००० ला खाली आवारात आणला आणि १७ जून २०१५ ला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये नऊ जणांची हत्या झाल्यावर, १० जुलैला, उतरला. ते चर्च म्हणजे १८२२ ला पाडलेल्या त्याच चर्चच्या परंपरेतलं.

तुमचं ग्रीनव्हिल डोंगराकडच्या भागातलं, भाताचं नाही, कापडगिरण्यांचं, आणि त्या गिरण्यांत एका खोलीत काळ्या-गोऱ्यांनी काम करायचं नाही असा १९१५ चा राज्याचा कायदाच होता. तिथे १६ जुलै १९६० ला आठ विद्यार्थी गोऱ्यांच्या पब्लिक लायब्ररीत जाऊन वाचत बसले म्हणून अटक झाले, त्यातला एक जेसी जॅक्सन, पुढे सिव्हिल राइट्सचा मोठा नेता झालेला, गावचाच मुलगा. केस झाल्यावर शहराने सप्टेंबरमध्ये लायब्ऱ्याच बंद केल्या, थोड्या दिवसांनी उघडल्या त्या सगळ्यांसाठी.

बघायला जाणार असाल तर आधी ब्यूफर्टला जा, तिथे रिकन्स्ट्रक्शनचं, म्हणजे युद्धानंतरच्या त्या काळाचं, नॅशनल पार्क आहे आणि बेटावर पेन स्कूलच्या इमारती उभ्या आहेत, गर्दीही कमी. मग चार्ल्सटन, गॅड्सडेन्स वॉर्फवरचं २०२३ ला उघडलेलं आफ्रिकन अमेरिकन म्युझियम, अर्धा दिवस तरी ठेवा. प्लांटेशन टूर घेताना तिकीट काढायच्या आधी विचारा की गुलामांच्या खोल्या दाखवता का आणि तिथे राहणाऱ्यांची नावं सांगता का. काही ठिकाणी फक्त बाग आणि झुंबरं दाखवतात, तिथे पैसे घालवू नका, मॅक्लिऑड प्लांटेशनला जा. आणि कलीगशी वाद घालत बसू नका, २४ डिसेंबरचा तो जाहीरनामा प्रिंट काढून द्या, पानं फार नाहीत.